अंजनाक्का आणि मिरवणुकीची अँबॅसिडर

कसबा बावड्यात अंजनाक्काला कुणी विचारलं, की बाई, तुम्हाला गाडी चालवायला कुणी शिकवली, तर ती आधी विचारणाऱ्याच्या पायाकडं बघायची. पायात पॉलिश केलेले बूट असले तर म्हणायची, "मला कुणी न्हाय शिकवली, मीच गाडीला शिकवलं." पायात चप्पल असली तर खरं सांगायची.

खरं असं होतं, की तिचा नवरा आबा साखर कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवायचा. गळिताच्या हंगामात कारखान्याच्या दारात ट्रॅक्टरांची ही लांबच्या लांब रांग. अंजना डबा घेऊन जायची, डबा नवऱ्याच्या हातात द्यायची आणि स्टिअरिंग आपल्या हातात घ्यायची. आबा भाकरी खाणार, ही रांग पुढं सरकवणार. वीतभर पुढं, ब्रेक. हातभर पुढं, ब्रेक. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, पुढं दुसऱ्याची ट्रॉली, मध्ये एक शेळी जाईल एवढी जागा. जगातली माणसं मोकळ्या मैदानात गाडी शिकतात. अंजना रांगेत शिकली. त्यामुळं तिच्या हाताला जी हळू चाल बसली ती अख्ख्या जिल्ह्यात कुणाला नव्हती, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी वस्तीनं वर्गणी काढून एक जुनी पांढरी अँबॅसिडर घेतली. राजारामपुरीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरची होती. मिरवणुकीत पुढं आपली स्वतःची गाडी, टपावर कर्णा, मागच्या सीटवर हार घातलेली तसबीर, हे वस्तीचं लई दिवसांचं स्वप्न. चौदा एप्रिलला सगळं सजलं, हलगी तापली, आणि ठरवलेला ड्रायव्हर झिंगून आला. वस्तीतले पुरुष गाडीभोवती गोळा झाले आणि कोण चालवणार यावर भांडायला लागले. ज्यांना येत होतं ते गर्दीत चालवायला घाबरत होते, ज्यांना येत नव्हतं ते जास्त बोलत होते. तेवढ्यात आतून आवाज आला, "माझा पदर अडकलाय दारात. दार नीट लावा कुणीतरी."

अंजना स्टिअरिंगवर बसली होती. दार आबानंच लावलं.

त्या दिवशी तिनं गाडी अशी नेली, की पुढं लेझीम खेळणाऱ्या पोरींच्या टाचेला बंपर लागला नाही आणि मागच्या सीटवर तसबीर धरून बसलेल्या बायडाबाईच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळला नाही. तेव्हापासून ती अंजनाची अंजनाक्का झाली आणि ती सीट तिची झाली. लग्नाच्या वराती, बुद्धपौर्णिमा, नळाला पाणी नाही म्हणून मोर्चा, रेशनच्या तांदळात खडे म्हणून मोर्चा, सगळ्यात पुढं अँबॅसिडर आणि अँबॅसिडरमध्ये अक्का. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात माइक. ऊन असो, पाऊस असो, गाडी मुंगीसारखी. पहिला गिअर आणि अर्धा क्लच, यापुढं त्या गाडीनं कधी काही बघितलं नाही. कुणी म्हणालं, अक्का, जरा दाब की, तर ती माइकवरूनच उत्तर द्यायची, "मोर्चा हाय, तुझ्या सासुरवाडीला न्हाय निघालो."

एवढ्या वर्षांत या बाईनं आमदाराच्या गाडीला बाजू दिली नाही. फौजदारानं लायसन मागितलं तर त्यालाच त्याच्या टोपीचा नंबर विचारला. तिच्या तोंडाला लागणं म्हणजे उकळत्या रश्श्यात बोट घालणं. पण सीटवर बसली की बाई अशी हरखायची, की जणू पाळण्यात बसली.

आणि दोन हजार तीन साली ती गाडी मिरवणुकीत बंद पडली. तीही कुठं, कलेक्टर कचेरीच्या दारात. ज्या दारात अक्कानं जन्मभर घोषणा दिल्या, त्याच दारातले शिपाई बाह्या सारून आले आणि गाडी ढकलायला लागले. एक तर म्हणाला, "अक्का, आज घोषणा तेवढ्या देऊ नका, दम लागतोय." अक्का स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत बसली. रागानं तिचे कान लाल झाले होते.

पुढच्या जयंतीच्या बैठकीत संघर्षनं विषय काढला. संघर्ष तिच्या दिराचा मुलगा, कॉलेज शिकलेला, नवा अध्यक्ष. त्याला ट्रक पाहिजे होता, ट्रकवर डॉल्बी पाहिजे होती, भिंती हादरवणारी.

"काकी, गाडीचा जीव गेलाय," तो म्हणाला. "भंगारवाला घ्यायला तयार हाय. औंदा ट्रक सांगूया."

"भंगारात तुझ्या आज्जीला घाल."

"आज्जी हितंच बसल्यात."

"मग बोलताना इचार कर."

शेवटी बैठकीनं तोडगा काढला. यंदा अँबॅसिडर पुढं राहील. पण वाटेत बंद पडली तर दुसऱ्या दिवशी भंगारात, आणि पुढच्या वर्षापासून ट्रक. ट्रकला ड्रायव्हर ट्रकवाल्याचाच असतो. हे शेवटचं वाक्य कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी अक्काकडं बघितलं. अक्का म्हणाली, "ठरलं. आणि बंद न्हाय पडली तर तू डॉल्बीचं नाव काढायचं न्हाय." संघर्ष म्हणाला, "व्हय." त्याला वाटत होतं, आपण जिंकलोच.

उद्यमनगरात अक्काच्या भावाच्या मुलाचं, प्रसेनजीतचं गॅरेज होतं. प्रसेनजीत म्हणजे आत्याचाच वारसा, तोंड तेवढंच चालू. बॉनेट उघडायच्या आधी निदान सांगायचा आणि निदान चुकलं तर गाडीवर रागवायचा. अँबॅसिडर टिक टिक करत होती, चढाला दम सोडत होती आणि मधूनच कार्बोरेटरमधून फाट करून शिंकत होती.

"प्लग," प्रसेनजीत म्हणाला. प्लग बदलले. शिंक तशीच.

"पॉइंट असणार." पॉइंट घासले. तशीच.

"मग कार्बोरेटरच. दुसरं असूच शकत न्हाय." कार्बोरेटर खोलून पेट्रोलनं धुतला, वाळवला, बसवला. गाडी आधीपेक्षा जोरात शिंकली आणि प्रसेनजीतच्या भुवया तेवढ्या करपल्या. मग त्यानं हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवले. टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक फट, सेट केली की टिकटिक थांबायची, प्रसेनजीत कॉलर ताठ करायचा, आणि आठवडा व्हायच्या आत गाडी परत दारात टिक टिक करत उभी.

"आत्या, तू हिला काय करतीस घरी नेऊन?"

"मी हिला काय करतो? तू हितं काय करतोस ते सांग. मागच्या खेपेला म्हणालास प्लग. परत म्हणालास पॉइंट. आता काय, टायर बदलणार?"

"मग तूच बघ की. तुला लई कळतंय तर तूच बघ."

असं म्हणायला नको होतं. अक्कानं पदर खोचला. "उघड. वरचं झाकण काढ. मी बघतो."

प्रसेनजीतनं वैतागून टॅपेट कव्हर उतरवलं. खाली एका दांड्यावर आठ रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या छोट्या तरफा, ओळीनं बसलेले. त्यानं प्लग काढून ठेवले, पुढून हँडल घातला आणि इंजिन हातानं फिरवायला लागला. एकेक रॉकर खाली-वर व्हायला लागला. एक झुकतोय, एक उठतोय, दुसरा झुकतोय.

आता हे सांगायला पाहिजे, की वस्तीतल्या पोरींना लेझीम अक्काच बसवायची. पोरी ओळीत उभ्या करायची, आपण समोर उलट्या बादलीवर बसायची. कुठल्या पोरीनं हात पुरता वर नेला नाही, ते तिला पन्नास पोरींतही दिसायचं. पोरगी कितीही ठेक्यात असो, वेळेवर उठो, वेळेवर बसो, हात चार बोटं खाली राहिला की अक्काची हाक गेलीच.

ती इंजिनवर वाकून बघत राहिली. ओठ ठेका धरून हलत होते. एकदम म्हणाली, "थांब. ह्या कडंनं पाचवी. ही कामचुकार हाय."

"कोण पाचवी?"

"ही. बाकीच्या बघ, कशा झडझडून हात वर नेत्यात. ही ठेक्यात हाय, पण हात अर्धा. फिरव परत. बघ. बघितलंस?"

"आत्या, गॅप बरोबर हाय तिची. मी पट्टी लावून बघितलीय."

"गॅप-बिप मला म्हाईत न्हाय. हात वर जात न्हाय तिचा. माझ्या ओळीत असती तर घरी पाठवली असती."

प्रसेनजीत हसायला लागला, मग हसता हसता थांबला. शेजारच्या वर्कशॉपमधून उचल मोजायचा डायल मागून आणला, पाचव्या रॉकरवर लावला, हँडल फिरवला. मग चौथ्यावर, सहाव्यावर, परत पाचव्यावर. डायलचा काटा बाकीच्यांना जेवढा फिरत होता, पाचव्याला त्याच्या निम्मा फिरून मागं येत होता. त्यानं डायल खाली ठेवला आणि आत्याच्या पाठीवर असा दणका घातला, की तिचा चष्मा इंजिनात पडता पडता राहिला.

"कॅम खाल्लाय गं आत्या. कॅम. मी वरच बघत बसलतो, आजार खाली पोटात हाय."

कॅम म्हणजे इंजिनाच्या पोटातली लांब सळई. तिच्यावर अंड्यासारखे आठ उंचवटे. सळई फिरते तसा एकेक उंचवटा वरच्या रॉकरला ढकलतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. पाचवं अंडं झिजून लाडू झालं होतं. व्हॉल्व्ह पुरता उघडेना, जळलेला धूर बाहेर पडेना, मग तो उलटा फिरून कार्बोरेटरमधून शिंकायचा. वर गॅप कितीही सेट करा, खाली उंचवटाच नाही तर हात वर जाणार कुठून. आणि झीज चालूच, म्हणून टिकटिक परत.

रेडिएटर उतरला, पुढची जाळी उतरली, खालचं तेलाचं भांडं उतरलं, आणि कॅम बाहेर आला. तो चादरीत गुंडाळून दोघं पलीकडच्या गल्लीतल्या सयाजीकडं गेली. सयाजी झिजलेला कॅम वेल्डिंगनं भरून, घासून देणारा उद्यमनगरातला जाणता मिस्त्री, सहसा मान वर न करणारा. त्यानं कॅम उजेडात धरला, अंगठ्यानं एकेक उंचवटा चाचपला.

"पाचवा गेलाय. पण बाकीचे पण पातळ झाल्यात," तो म्हणाला. "पावणं, ही गाडी कोण चालवतंय?"

"मी," अक्का म्हणाली. आणि तिला वाटलं, हा आता कौतुक करणार. "माझ्यासारखी हळू गाडी कोल्हापुरात कोण चालवत न्हाय. बारा-तेरा वर्षं मिरवणुकीत हाय. माणसाच्या चालीनं न्हेतो, दिवसदिवस. तांब्यातलं पाणी सांडत न्हाय."

"मग कॅम तुम्हीच खाल्लाय."

प्रसेनजीत दोन पावलं मागं सरला. पुढं जे झालं ते उद्यमनगरात बरेच दिवस सांगत होते. अक्कानं सयाजीची जात सोडून बाकी सगळं काढलं. त्याचं वय काढलं, त्याचा चष्मा काढला, त्याच्या लेथ मशीनची आई काढली. "जोरात चालवणारी माणसं मारत्यात, गाड्या फोडत्यात, त्यांचा कॅम शाबूत. आणि मी जपून चालवतो तर मी खाल्ला? हे कुठल्या शाळंत शिकलास?" मग ती तरातरा बाहेर गेली, पायरीवर बसली, समोरच्या टपरीवरचा चहा मागवून प्यायली, आणि परत आत येऊन म्हणाली, "सांग. पण नीट सांग."

सयाजी बोलण्यापेक्षा दाखवणारा. त्यानं पत्र्याच्या डब्यात थोडं तेल ओतलं, ड्रिल मशीनला एक वाकडा बोल्ट लावला आणि तो तेलात बुडेल असा डबा खाली धरला. आधी मशीन हातानं हळू फिरवलं. बोल्ट तेलात डुबला, वर आला, डुबला, वर आला. तेल जागेवर.

"ही तुमची मिरवणूक. खालची क्रँक, इंजिनाचा मुख्य दांडा, अशी फिरती. कॅमला तेल कुठनं मिळतं? क्रँक उडवती तेच. आता बघा." आणि त्यानं बटण दाबलं.

तेल चहूकडं उडालं. सयाजीच्या कपाळावर, प्रसेनजीतच्या शर्टावर, अक्काच्या चष्म्यावर आणि नव्याकोऱ्या इरकल साडीवर. मग अक्कानं पदरानं चष्मा पुसायला घेतला, चष्मा आणखी बरबटला, आणि ती हसायला लागली. अशी हसली, की तिला मशीन धरून उभं राहावं लागलं. सयाजी हसला, प्रसेनजीत हसला, टपरीवाला काय झालं म्हणून बघायला आला आणि तोही हसायला लागला.

"म्हंजे बारा वर्षं मी हिला उपाशी न्हेलं," अक्का म्हणाली. "वर हार आणि खाली उपास."

"भरून, घासून देतो," सयाजी म्हणाला. "कॅमवर घासणारे टॅपेट सगळे नवे टाका, जुने लावले तर नवीन कॅम परत खातील. पहिल्यांदा चालू केली की हळू ठेवायची न्हाय, चांगली रेस धरून ठेवायची. आणि पावणं, परत मुंगी करणार असाल तर माझ्या दारात आणू नका. शब्द द्या."

अक्कानं शब्द दिला. ती शब्द देताना कधी विचार करायची नाही. देऊन झाल्यावर करायची.

गॅरेजकडं परत येताना ती विचार करायला लागली. मिरवणूक म्हणजेच मुंगी. मुंगी सोडली तर मिरवणूक कशी व्हायची? आणि मिरवणूक केली तर कॅम जाणार, आज नाही तर वर्षानं गाडी बंद पडणार, संघर्ष ट्रक आणणार. प्रसेनजीत म्हणाला, "मागं ठेव गाडी. पुढं पोरी चालू देत." अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं, की तो पान्हा शोधायला निघून गेला.

कॅम बसला, गाडी चालू झाली. प्रसेनजीतनं रेस धरून ठेवली तेव्हा गल्लीतली माणसं कानावर हात ठेवून बाहेर आली. टिकटिक नाही, शिंक नाही, नुसती एकसारखी घरघर. अक्का बॉनेटवर तळवा टेकून उभी होती. तळव्यातून घरघर खांद्यापर्यंत चढत होती. आणि तिथंच ती एकदम म्हणाली, "पळूया."

"कोण?"

"सगळी."

चौदा एप्रिलच्या आधी तिनं वस्तीतल्या बायकांना आणि लेझीमच्या पोरींना बोलावून घेतलं. पुरुषांना सांगितलं नाही, कारण पुरुषांना सांगितलं तर बैठक होते. नियम सोपा होता. चौक आला की गाडी थांबवायची, इंजिन बंद. तिथं हलगी, लेझीम, घोषणा, काय नाचायचं ते मनसोक्त. मग गाडी चालू, आणि पुढच्या चौकापर्यंत सगळ्यांनी पळायचं. मुंगी बंद.

"पदर खोचा," ती म्हणाली. "आणि बायडाबाई, तुमी आत बसा तसबीर घेऊन."

"मी पळणार की," सत्तरी ओलांडलेली बायडाबाई म्हणाली.

"तुमी पडला तर?"

"पडलो तर उठंन. आत बसून बसून माझा पण कॅम गेलाय."

तिला कसंबसं आत बसवलं.

मिरवणूक निघाली. संघर्ष पांढरा सदरा, निळा फेटा घालून अध्यक्षाच्या चालीनं पुढं चालत होता. हलगी वाजली, पोरी खेळल्या, सगळं नेहमीसारखं. मग अँबॅसिडर सुरू झाली, तिनं एकदा हुंकार दिला, आणि संघर्षच्या बाजूनं भुर्रकन निघून गेली. तिच्यामागं लेझीम घेतलेल्या पोरी पळाल्या, छमछम करत. पोरींमागं पदर खोचलेल्या बायका, बायकांमागं पोरं, पोरांमागं हलगीवाले, पळता पळता वाजवत. ठेका असा बिघडला, की त्यातनं एक नवाच ठेका तयार झाला. संघर्ष एकटा रस्त्यात उभा होता, फेटा सावरत. त्याला दोनच गोष्टी करता येत होत्या, रुसायचं किंवा पळायचं. तो पळाला.

"काकी, हे काय चाललंय?" त्यानं खिडकीला धरून पळत पळत विचारलं.

"मिरवणूक. दम लागला तर आत बस."

कलेक्टर कचेरीपाशी गाडी थांबली. अक्कानं चावी फिरवली, इंजिन बंद. कचेरीच्या दारातले शिपाई बाह्या सारून पुढं आले. गर्दीतून कुणीतरी "गेली की परत" म्हणालं, आणि संघर्षला तर वाटलं, ठरल्याप्रमाणं झालं. तरी का कोण जाणे, त्याचं तोंड पडलं. अक्का कुणाकडं बघत नव्हती. पोरींना म्हणाली, "खेळा." पोरी खेळल्या, जिवाच्या आकांतानं खेळल्या, घामाघूम. पुरता खेळ होऊन हलगी थांबली. अक्काचा हात चावीवर गेला. तिनं चावी फिरवली आणि गाडी एका झटक्यात घरघरली.

शिपायांनी सारलेल्या बाह्या खाली केल्या नाहीत. दोघं तसेच मिरवणुकीत घुसले आणि पळायला लागले.

बिंदू चौकात मिरवणूक पोचली तेव्हा उजेड अजून होता. बंदोबस्तावरचा हवालदार टपरीवर भेळ खात उभा होता. एवढी माणसं धापा टाकत, हसत, फेटे हातात, चपला हातात अशी येताना बघून त्याला वाटलं काहीतरी दंगा झालाय. भेळ टाकून पळत आला. "काय झालं? कोण मागं लागलंय?" बाकीच्या वस्त्यांच्या मिरवणुका अजून मागं कुठंतरी रांगत होत्या. एकीची डॉल्बी तारांत अडकली होती म्हणे. बाबासाहेबांच्या पुतळ्याला पहिला हार बावड्याचा पडला. आजवर असं कधी झालं नव्हतं.

संघर्ष अँबॅसिडरच्या बॉनेटला टेकून उभा होता. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, एक चप्पल वाटेत कुठंतरी गेलेली. अक्का खाली उतरली, तसं तो म्हणाला, "काकी, गाडी भंगारात घालायची न्हाय."

"घालणार कोण हुतं?"

"आणि पुढच्या वर्षी पण पळायचं."

"तुला जमंल काय? कलेक्टर कचेरीपाशी तुझा जीव गेलता."

तेवढ्यात मागचं दार उघडलं. बायडाबाईनं तसबीर नीट संघर्षच्या हातात दिली, पदर खोचला, तांब्या सीटवर ठेवला आणि रस्त्यावर उतरली.

"आता मी पळणार," ती म्हणाली. "चौकाला एक फेरी. चालू कर गं गाडी."

अक्का परत सीटवर जाऊन बसली.